विश्लेषण : चप्पल निसटली तरी कळत नाही? मुंग्या, बधिरपणा आणि न तपासलेले पाय

पायाला मुंग्या आल्या म्हणून कोकणात सहसा कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. ‘वात असेल’, ‘शीर दबली असेल’, ‘आता वय झाले’ यांपैकी एक उत्तर घरातच मिळते, तेल चोळले जाते आणि विषय संपतो. बहुतेक वेळा तो तिथे संपायला हरकतही नसते. पण मुंग्यांच्या जागी बधिरपणा आला, चालताना चप्पल मागे राहिली आणि ते चार पावले पुढे गेल्यावर लक्षात आले, तर प्रकरण वेगळे असते. संगमेश्वर तालुक्यात वाकून आणि उकिडवे बसून होणारी शेती आहे, शिमग्यात अनवाणी नाचणाऱ्या पालख्या आहेत, महामार्गाजवळ गरम पाण्याची कुंडे आहेत आणि आता घरोघरी मधुमेहाच्या गोळ्याही आहेत. या सगळ्यांचा भार पायांवर येतो. मात्र सरकारी असो वा खासगी, दवाखान्यात गेल्यावर रक्त तपासले जाते, रक्तदाब मोजला जातो. पायातली चप्पल काढायला कोणी सांगत नाही.

पायात नेमके काय बिघडते?

आपल्या बोलीत ‘शीर’ हा शब्द रक्तवाहिनीलाही चालतो आणि मज्जातंतूलाही. गोंधळ इथूनच सुरू होतो. पिंढरीवर फुगलेल्या निळ्या शिरा वेगळ्या आणि पावलाला बधिर करणारी ‘शीर’ वेगळी. दुसरीला डॉक्टर नर्व्ह म्हणतात. ती विजेच्या वायरसारखी असते. आत संदेश वाहणारी तार आणि तिच्यावर मायलिन नावाचे आवरण. निरोगी माणसाच्या पायात हा संदेश सेकंदाला ४० मीटरहून अधिक वेगाने धावतो. कमरेतून निघून पायाच्या अंगठ्यापर्यंत जाणारी वायर सुमारे एक मीटर लांब असते, शरीरातली सर्वात लांब. म्हणूनच वायरिंगमध्ये कुठलाही सार्वत्रिक दोष आला की पहिली तक्रार पायाच्या बोटांकडून येते.

बिघाड किती खोल आहे, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. नुसते आवरण दबले असेल तर दाब काढल्यावर काही आठवड्यांत ते सावरते. आतली तार तुटली तर ती नव्याने वाढावी लागते आणि तिचा वेग दिवसाला साधारण एक मिलिमीटर असतो. गुडघ्यापासून पावलापर्यंतचे अंतर ३० ते ३५ सेंटीमीटर धरले, तर हिशेब जवळपास वर्षभराचा होतो. तोवर संदेश न मिळालेला स्नायू सुकत जातो. ‘दोन महिने बघू, नाही तर जाऊ’ हे वाक्य या गणितात महाग पडते.

दोन प्रकार, एक सोपी खूण

पायाच्या या तक्रारींचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्यात एकच नर्व्ह एका जागी चिमटते, दाराच्या फटीत वायर सापडावी तशी. दुसऱ्यात सगळे वायरिंगच हळूहळू झिजते. त्याला न्यूरोपॅथी म्हणतात. डॉक्टरांकडे जाण्याआधी घरी करता येण्याजोगा फरक असा : तक्रार एकाच पायात आणि ठरावीक पट्ट्यात असेल तर बहुधा नर्व्ह दबलेली असते. दोन्ही पायांत, बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तशी वर सरकत असेल तर न्यूरोपॅथीचा संशय घ्यायचा. या नियमाला अपवाद आहेत आणि त्यातला सर्वात महत्त्वाचा पुढे येईलच.

गुडघ्याच्या बाहेरची ती एक जागा

गुडघ्याच्या खाली, पायाच्या बाहेरच्या अंगाला बोट फिरवले तर हाडाची एक गुठळी लागते. फिब्युला या हाडाचे ते डोके. त्याच्या किंचित खाली कॉमन पेरोनियल नावाची नर्व्ह हाडाला वळसा घालून पुढे जाते. वर कातडी, खाली हाड, मध्ये संरक्षण जवळपास नाही. पाऊल वर उचलण्याचे काम या नर्व्हचे. कमरेखाली एखादी नर्व्ह बाहेरच्या दाबाने निकामी होते, त्यात पहिला क्रमांक हिचा लागतो.

तास-तासभर उकिडवे बसले की ती ताणली आणि दाबली जाते. परदेशातल्या वैद्यकीय साहित्यात स्ट्रॉबेरी तोडणाऱ्या मजुरांचा लकवा अशा नावाने हा प्रकार ओळखला जातो. संगमेश्वरात स्ट्रॉबेरी नाही, पण जून-जुलैत तरवा काढायला बसणाऱ्या बायकांची बैठक नेमकी तीच असते. सकाळी बसायचे, दुपारी भाकरीपुरते उठायचे, पुन्हा बसायचे. पाऊस उघडायच्या आत लावणी उरकायची असते, त्यामुळे मध्ये उठून पाय मोकळे करणे हा कामचुकारपणा ठरतो. मोठ्या आजारपणानंतर वजन झपाट्याने उतरले की या नर्व्हवरची उरलीसुरली चरबीची गादीही जाते आणि नुसती पायावर पाय टाकून बसायची सवयदेखील पुरते. घट्ट प्लास्टरमुळे हे होते. सर्पदंशानंतर गुडघ्याखाली दोरी करकचून आवळण्याच्या जुन्या सवयीनेही होऊ शकते. आवळून बांधू नये, पाय न हलवता लगेच रुग्णालय गाठावे, हे सर्पदंशाबाबतचे आजचे वैद्यकीय मत आहे. ते नर्व्हच्याही हिताचे आहे.

परिणाम असा की सकाळी उठल्यावर पाऊल वर उचलत नाही. टाच आधी टेकण्याऐवजी पाऊल खाली लोंबते, चवडा जमिनीला घासतो आणि माणूस गुडघा उंच उचलून चालू लागतो. याला फूट ड्रॉप म्हणतात. घरात मात्र ‘लकवा मारला’ अशी हाकाटी होते. अर्धांगवायूत बहुधा हात किंवा चेहराही ओढला जातो, बोलणे अडखळते. इथे तसे नसते. मात्र अशी लक्षणे अचानक आली तर घरी बसून फरक शोधत राहू नये, ते काम रुग्णालयाचे. पाठीच्या मणक्यात नर्व्हचे मूळ दबल्यानेही पाऊल असेच पडते. तेव्हा डॉक्टर पाऊल आतल्या बाजूला वळवायला सांगतात. ते जमले तर दोष गुडघ्यापाशी असण्याची शक्यता जास्त, नाही जमले तर कमरेत. एक मिनिटाची ही तपासणी यंत्राशिवाय होते. खात्रीसाठी लागणारी नर्व्ह कंडक्शनची तपासणी मोठ्या शहरांत असते. ती करायला रत्नागिरी गाठायची की आंबा घाट चढून कोल्हापूर, हा प्रश्न त्यानंतरचा.

दाबामुळे झालेला फूट ड्रॉप बहुतेकदा सुधारतो. बसण्याची पद्धत बदलणे, पाऊल वर धरून ठेवणारा पट्टा, फिजिओथेरपी एवढ्यावर भागते. अट एकच, ओळखायला उशीर झाला नसावा.

बाकीच्या जागा

मांडीच्या बाहेरच्या बाजूला तळहाताएवढा पट्टा जळजळतो किंवा बधिर होतो, पण पायाची ताकद शाबूत असते. हा मेराल्जिया पॅरेस्थेटिका. नाव भीतिदायक, आजार बहुधा निरुपद्रवी. घट्ट पट्टा, सुटलेले पोट, गर्भारपण ही कारणे. १८९५ मध्येच वैद्यकाने त्याची नोंद घेतली होती, जीन्सची फॅशन नंतरची. घोट्याच्या आतल्या बाजूला नर्व्ह दबली तर तळवा जळतो. १९६२ मध्ये या आजाराला टार्सल टनेल हे नाव मिळाले. मागच्या खिशात जाडजूड पाकीट ठेवून तासन् तास गाडी हाकणाऱ्यांच्या नितंबातली नर्व्ह दुखावते, हेही जुने निरीक्षण आहे. मुंबई-गोवा महामार्गावर गाडी चालवणाऱ्यांनी पाकीट पुढच्या खिशात ठेवायला काहीच खर्च नाही.

आपल्याकडे यातल्या सगळ्याला सरसकट ‘सायटिका’ म्हणायची पद्धत आहे. कमरेतून पोटरीपर्यंत वीज गेल्यासारखी कळ येते ती सायटिका. मात्र कमरेच्या दुखण्यासोबत बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर ते त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जाण्याचे कारण आहे. तिथे मालीश नको आणि वैदूही नको.

दोन्ही पाय, मोज्यासारखे

आता दुसरा गट. यात पहिले नाव मधुमेहाचे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत १० कोटी १० लाख भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज मांडला गेला. सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. गोवा म्हणजे कोकणचाच पुढचा तुकडा. तोच भात, तेच मासे, तीच मुंबईकडे धावणारी गाडी. कोकणातल्या गावात मधुमेह हा शेठ-सावकारांचा आजार राहिलेला नाही, हे औषधांच्या दुकानापाशी दहा मिनिटे उभे राहिले तरी कळते.

साखर वर्षानुवर्षे चढी राहिली की नर्व्हना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या आणि खुद्द तारा झिजतात. आधी मुंग्या, रात्रीची जळजळ, मग शांतता. या शांततेने लोक फसतात. ‘आता दुखत नाही’ याचा अर्थ पाय बरा झाला असा घेतला जातो. खरे तर दुखणे कळवणारी तारच बंद पडलेली असते. मग चपलेतला खडा दिवसभर टोचत राहतो, काटा मोडून आत राहतो, पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यातल्या चिखल्या चिघळतात, एप्रिलमध्ये तापलेल्या सड्यावरून अनवाणी गेलेल्या पावलाला फोड येतात. आणि यातले काहीच कळत नाही. मधुमेहात पाय कापावा लागलेल्या दर १०० जणांपैकी ८५ च्या आसपास रुग्णांमध्ये सुरुवात अशाच एका जखमेने झालेली असते, असे जुने आणि वारंवार उद्धृत होणारे निरीक्षण आहे. म्हणजे पाय वाचवायची संधी त्या जखमेच्या आधी असते.

मधुमेह हे एकमेव कारण नाही. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दारू, काही औषधे यांनीही पाय असेच बधिर होतात. गंमत म्हणजे मधुमेहावरची सर्वात जास्त लिहून दिली जाणारी मेटफॉर्मिन ही गोळी दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ कमी करू शकते. मुंग्या आल्या की ताकदीचे लाल इंजेक्शन टोचून घ्यायची जी पद्धत आहे, तिचा उपयोग बी-१२ खरोखर कमी असेल तरच. रक्त न तपासता टोचलेले इंजेक्शन रुग्णाला समाधान देते आणि खरे कारण महिनोन् महिने झाकून ठेवते.

गरम पाण्याच्या कुंडांचे काय?

आरवली, तुरळ, राजवाडी ही संगमेश्वर तालुक्यातली गरम पाण्याची ठिकाणे. सांधे दुखतात म्हणून, पाय भरून येतात म्हणून लोक तिथे येतात. प्रवासात थांबून पाय सोडून बसणारेही आहेत. निरोगी माणसाला पाणी किती गरम आहे हे पाऊल लगेच सांगते आणि तो ते मागे घेतो. बधिर पाऊल सांगत नाही. साधारण ६० अंशांचे पाणी कातडी काही सेकंदांत खोलवर भाजू शकते आणि त्याहून कमी तापमानातही पाय दहा-पंधरा मिनिटे ठेवला तर इजा होते. ज्यांना मुंग्यांवर उपाय हवा असतो, नेमक्या त्यांच्याच पायांना हे पाणी सर्वाधिक धोक्याचे आहे. घरी बादलीत पाय शेकणाऱ्यांनाही हेच लागू.

कुंडांवर श्रद्धा असणाऱ्यांच्या वाटेत येण्याचे कारण नाही. पण तिथे ‘मधुमेह असल्यास पाय सोडू नका, पाणी आधी कोपराने तपासा’ एवढा मराठी फलक लावायला ग्रामपंचायतीला कोणत्या मंजुरीची वाट पाहावी लागावी?

कुष्ठरोगाने शिकवलेली विद्या

मघाशी ज्या अपवादाचा उल्लेख झाला, तो कुष्ठरोग. यात नर्व्ह दबत नाही, जंतूंमुळे आणि त्यांच्याविरुद्धच्या शरीराच्या लढाईमुळे सुजते. पण सुजते ती नेमकी त्याच जागी, गुडघ्याच्या बाहेर आणि घोट्याच्या आत. त्यामुळे एकाच पायातला फूट ड्रॉप पाहून ‘दाब असेल’ म्हणून सोडून देता येत नाही. अंगावर बधिर चट्टा आहे का, नर्व्ह बोटाला दोरीसारखी जाड लागते का, हे पाहावे लागते. भारताने डिसेंबर २००५ मध्ये राष्ट्रीय पातळीवर कुष्ठरोगाच्या ‘दूरीकरणाचे’ उद्दिष्ट गाठले. त्याचा अर्थ दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण, शून्य नव्हे. देशात आजही वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

महाराष्ट्राची या रोगाशी लढाई मोठी आहे. रत्नागिरीत एकोणिसाव्या शतकातच दिनशॉ माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय उभे राहिले. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० चे. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्याला बाबा आमटेंचे आनंदवन. १९८३ पासून देशात बहुविध औषधोपचार सुरू झाला आणि त्यासोबत कुष्ठरोग तंत्रज्ञांची एक फळी गावोगाव फिरू लागली. गुडघ्यामागे, घोट्यामागे, कोपराशी बोट फिरवून नर्व्ह जाड झाली आहे का, हे सांगणारी ही माणसे होती. हाताला पेन टेकवून ‘कुठे लागले?’ विचारणारी. पुढे कार्यक्रम सर्वसाधारण आरोग्यसेवेत विलीन झाला, रुग्ण घटले आणि ही विद्या विरळ होत गेली.

इथे एक योगायोग पाहण्यासारखा आहे. कुष्ठरुग्णांची बोटे रोगाने ‘झडत’ नाहीत, वेदना न कळल्यामुळे होणाऱ्या जखमांनी जातात, हे वेल्लोरला काम करताना दाखवून दिले ते डॉ. पॉल ब्रँड यांनी. तमिळनाडूच्या कोल्ली टेकड्यांत जन्मलेले हे शल्यविशारद १९६६ मध्ये अमेरिकेतल्या कार्व्हिलच्या कुष्ठरोग केंद्रात गेले आणि तेच तत्त्व तिथल्या मधुमेहींच्या पायांना लागू केले. पुढे त्याच केंद्रात १९८० च्या दशकात, १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला जाणवतो की नाही, हा कसोटीचा मापदंड पक्का झाला. आज जगभर मधुमेहींचे पाय याच धाग्याने तपासले जातात. म्हणजे मधुमेहाच्या पायाची विद्या जन्मली कुष्ठरोगाच्या वॉर्डात, आणि तिची पाळेमुळे भारतात होती. ज्या राज्याने ती गावोगाव पोहोचवली, त्याने ती कुष्ठरोगासोबत गुंडाळून ठेवावी, हा करंटेपणा आहे.

मग सरकारी केंद्रांत अडते कुठे?

तिशीपुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई ज्या अर्जात भरतात, त्यात तळवे-तळहातांना मुंग्या येतात का, पायात अशक्तपणामुळे चालायला त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. कुष्ठरोगाचा संशय यावा म्हणून ते घातलेले आहेत. त्याच अर्जावर त्या माणसाच्या मधुमेहाची जोखीमही मोजली जाते. प्रश्न विचारला गेला, उत्तर ‘हो’ आले; त्यानंतर पायाला हात कोण लावणार, हे मात्र ठरलेले नाही. कुष्ठरोगाचे खाते चट्टा शोधते, मधुमेहाचे खाते साखर मोजते आणि बधिर पाऊल दोन खात्यांच्या मधल्या फटीत पडते.

आरोग्य केंद्रांवरचा ताण खरा आहे. बाह्यरुग्ण विभागात गर्दी असताना प्रत्येकाचे मोजे काढायला डॉक्टरांना वेळ नाही, ही तक्रार रास्त आहे. पण हे काम डॉक्टरांचे नाहीच. परिचारिका किंवा आशाताई ते दोन मिनिटांत करू शकतात. नायलॉनचा धागा ही काही एमआरआयची खरेदी नव्हे. ‘झिजलेली नर्व्ह परत येत नाही, मग शोधून काय उपयोग?’ हा आक्षेपही अर्धाच खरा. दाबाचे, बी-१२ चे आजार सुधारतात. कुष्ठरोगात नर्व्हची इजा सहा महिन्यांच्या आत ओळखली तर स्टेरॉइडने ती भरून येण्याची आशा असते. आणि मधुमेहात नर्व्ह परतली नाही तरी पाय वाचतो, कारण ज्याला आपले पाऊल बधिर आहे हे माहीत असते तो रात्री ते डोळ्यांनी पाहतो. कुष्ठरुग्णांना मऊ रबराच्या तळाच्या, एमसीआर चपला सरकारी कार्यक्रमातून दिल्या जातात. तितक्याच बधिर पावलाच्या मधुमेही शेतकऱ्याला त्याच चपला का मिळू नयेत, याचे पटणारे उत्तर कोणी देत नाही.

घरच्या घरी काय तपासता येईल?

धागाही नसेल तर एक पद्धत आहे. इंग्लंडमधल्या इप्सविचच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये ती मांडली. पाय लांब करून बसलेल्या माणसाने डोळे मिटायचे. दुसऱ्याने दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला तर्जनी हलकेच, एक-दोन सेकंद टेकवायची. दाबायचे नाही, ठोकायचे नाही, एकदा टेकवलेल्या बोटाला पुन्हा हात लावायचा नाही. स्पर्श कळला की ‘उजवा’ किंवा ‘डावा’ म्हणायचे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही तर पाय डॉक्टरांना दाखवायचा.

आई-वडील गावी आणि मुले विरार-डोंबिवलीत अशी इथली कितीतरी घरे आहेत. गणपतीला चाकरमानी येतात तेव्हा रिपोर्टांची फाइल चाळली जाते, साखरेचा आकडा विचारला जातो. त्या पाच दिवसांत ही तपासणीही होऊ शकते. पावलाला फोड किंवा भेग असेल, एका पायाचा तळवा दुसऱ्यापेक्षा गरम आणि सुजलेला लागत असेल, तर परतीचे तिकीट एक दिवस पुढे ढकलून त्यांना दवाखान्यात नेलेले बरे. पाऊल अचानक पडले असेल तर गौरी-विसर्जनापर्यंतही थांबू नये.